काळोख घरीच राहिला

बाकावरच्या बायका विचारतात, काय काय पाहिलंत?
मी सांगते कोपनहेगन, सांगते स्टॉकहोम,
हेलसिंकी, आणि बोटीने पलीकडे ताल्लिन.
नावं नीट येतात आता. विमानात घोकली होती,
वहीत लिहून.
फोटो दाखवते : हा राजवाडा, हा पूल, या सायकली,
हे मढवी, कानटोपीत.
अजून ‘मढवी’च म्हणते मी, चारचौघांत.

एकावन्नाव्या वर्षी मधुचंद्र हा शब्द
व्हिसाच्या फॉर्मवर नव्हता, बरं झालं.
‘पर्यटन’ होतं. एकमेकांकडे न बघता
त्यावर खूण केली दोघांनी.
तिकिटं त्यांच्या लेकीने काढली, ऐरोलीहून,
स्वेटर माझ्या मुलाने आणले, दोन्ही एकाच रंगाचे.
फक्त विहीणबाई म्हणाल्या,
जूनमध्ये जाताय? तिथे म्हणे अंधारच पडत नाही.
आम्ही हसलो. अंधार तो, पडेल की कधीतरी.

नाही पडला.

रात्री अकराला खिडकीत कलत्या दुपारचा उजेड,
खाली कुणीतरी कुत्रं फिरवतंय,
आणि पलंगाच्या दोन कडांना आम्ही दोघं,
दवाखान्यात नंबर लागायचा असावा तसे.
एकेक संसार करून झालेला, पोरं मार्गी लागलेली,
आणि मला नुसता केसांचा आकडा काढायलाही
काळोख हवा होता.
मढवींनी खिडकीला माझी शाल लावली.
कपडे वाळत घालायचे चिमटे होते माझ्या बॅगेत.
शालीच्या विणीतूनही दिसत राहिलं सगळं :
माझ्या पोटावरचा टाक्यांचा वण,
त्यांच्या दंडाची सैल झालेली कातडी.
राहू दे, ते म्हणाले.
मग बोलत बसलो.

मी सांगितलं, मुकुंद शेवटी मला ओळखत नव्हता,
अडीच महिने मी त्याची ‘सिस्टर’ होते.
ते म्हणाले, दमयंती गेली तेव्हा मी खाडीत होतो,
जाळं ओढत. खूप लागलं होतं त्या दिवशी.
पुढचं ते शालीकडे बघून बोलले.
साडेतीन वाजले असतील. सूर्य तर
पुन्हा वर यायच्या तयारीत.

हेलसिंकीच्या धक्क्यावर मासळीबाजार.
दिवाळे गावचा माणूस, तिथे पहिल्यांदा खुलला.
गुलाबी मांसाचा तुकडा बघून म्हणे,
हा आपल्या रावसाचा मावसभाऊ.
भाव रुपयांत करून बघितला आणि
दोन मिनिटं काहीच बोलला नाही.
मग मला विचारलं, या बाईला बोंबील कसा सांगायचा?
मी हात पुढे केला, मनगटातून सैल सोडला,
काटाच नसल्यासारखा.
बाई हसली. त्यांनी तो हात धरला
आणि धक्का संपेपर्यंत परत दिला नाही.

नाश्त्याच्या टेबलावरच्या मधाच्या इवल्या डब्या
मी रोज दोन पर्समध्ये टाकायचे.
अठरा झाल्या. लिंबूपाण्याला होतात.
मधुचंद्रातला मध तेवढा आणला,
चंद्राचं म्हणाल, तर ढगांत असेल. आम्ही शोधलाही नाही.

नेरूळला उतरलो तो शुक्रवार.
बॅगा तशाच हॉलमध्ये. कुकर लावावा म्हणून उठले
आणि वीज गेली. अख्ख्या सेक्टरची.
पाम बीचवरून वळणाऱ्या एका गाडीचा उजेड
छतावरून सरकत गेला, मग तोही नाही.
मेणबत्ती कुठे आहे ते मला माहीत होतं.
टॉर्च त्यांच्या हातापाशीच होता.
कुणी हललं नाही.

केसांचा आकडा मी टीपॉयवर ठेवला.
त्याचा तेवढा आवाज झाला.
हरेश्वर, मी म्हटलं.

दारावर शिर्केवहिनी : अहो, तुमचीही गेली का हो?
आम्ही श्वास धरून गप्प.
चपला घासत त्या परत वळल्या,
स्वतःशीच म्हणाल्या,
आले नाहीत वाटतं अजून.